जुन्या गिटार स्पीकर कॅबिनेटांची खरेदी व तुलना

विद्युत गिटारच्या ॲम्प्लिफायरमधून (विवर्धकातून) येणाऱ्या विद्युत संकेताचे ध्वनीत रूपांतर करणारे एक किंवा अधिक ध्वनिक्षेपक ज्या लाकडी पेटीत बसवलेले असतात, त्या पेटीला गिटार स्पीकर कॅबिनेट असे म्हणतात. ॲम्प्लिफायर आणि स्पीकर एकाच पेटीत असल्यास त्या संचाला कॉम्बो म्हणतात. दोन्ही वेगळे असल्यास ॲम्प्लिफायरचा भाग हेड या नावाने ओळखला जातो. कॅबिनेटचे वर्णन त्यातील स्पीकरांची संख्या आणि इंचांतील व्यास यांवरून केले जाते. जसे १×१२, २×१२, ४×१२ किंवा ४×१०.

कॅबिनेटमध्ये झिजणारे भाग मोजकेच असतात. चांगल्या प्लायवूडची पेटी अनेक दशके टिकते, त्यामुळे वापरलेल्या कॅबिनेटांची खरेदी-विक्री जगभर चालते. या व्यवहारातील मुख्य अडचण अशी की पेटी आणि तिच्यातील स्पीकर यांचा इतिहास एकच असेल असे नाही. कॅबिनेटचा आवाज आणि बरीचशी किंमत स्पीकरांवर अवलंबून असते. हे स्पीकर मात्र समोरच्या कापडाआड झाकलेले असतात आणि ग्राहकाला दिसते ती केवळ पेटीवरील नाममुद्रा. म्हणून जुन्या कॅबिनेटची तपासणी मागची फळी उघडण्यापासून सुरू होते. विक्रेता ती उघडू देण्यास तयार नसेल, तर आत अज्ञात स्पीकर आहेत असे धरूनच किंमत ठरवणे योग्य.

पार्श्वभूमी

जुन्या बाजारात सर्वाधिक आढळणारे मोठे कॅबिनेट म्हणजे चार बारा इंची स्पीकरांची बंद पेटी. तिचा प्रसार लंडनच्या जिम मार्शल यांच्या दुकानातून झाला. १९६२च्या सुमारास त्यांच्याकडे तयार झालेला जेटीएम ४५ हा ॲम्प्लिफायर फेंडर कंपनीच्या बेसमन ॲम्प्लिफायरच्या मंडलावर आधारलेला होता. मूळ बेसमन हा मागून उघडा, चार दहा इंची स्पीकरांचा कॉम्बो होता. मार्शल यांनी हेड वेगळे ठेवले. दोन बारा इंची स्पीकर त्याची शक्ती सहन करू शकत नाहीत, असे दिसून आल्यावर त्यांनी चार स्पीकर एका बंद पेटीत बसवले. त्या काळच्या सेलेस्चन स्पीकरांची क्षमता प्रत्येकी १५ ते २० वॅट एवढीच होती. चार स्पीकर घेण्यामागे आवाजाच्या आवडीनिवडीपेक्षा स्पीकर जळू नयेत ही गरज अधिक होती.

१९६५च्या सुमारास द हू या वाद्यवृंदाचे गिटारवादक पीट टाउनशेंड यांनी आठ स्पीकरांची एकच पेटी मागितली. ती वाहून नेणे अवघड ठरल्याने दोन ४×१२ कॅबिनेटे एकावर एक रचण्याची पद्धत रूढ झाली. तिला स्टॅक म्हणतात. वरच्या पेटीचा दर्शनी भाग अर्ध्यातून मागे कललेला असतो, तर खालची पेटी सरळ असते. मार्शलच्या १९६०ए आणि १९६०बी या प्रतिमानांतील ‘ए’ व ‘बी’ ही अक्षरे हाच फरक दाखवतात.

नावांतील आकडे

नव्या ग्राहकांची सर्वांत जास्त फसगत नावांतील आकड्यांमुळे होते. १९६०ए हा प्रतिमानाचा क्रमांक आहे, निर्मितीचे वर्ष नव्हे. मार्शलची उत्पादने वितरित करणाऱ्या रोझ-मॉरिस या कंपनीच्या सूचीतून हे क्रमांक आले. त्याच मालिकेत १९५९ या क्रमांकाचा १०० वॅटचा ॲम्प्लिफायरही आहे. ‘१९६०चे मार्शल कॅबिनेट’ अशी जाहिरात दिसली, तर ती पेटी गेल्या दहा वर्षांतलीही असू शकते.

स्पीकरांच्या नावांतही असाच घोळ आहे. सेलेस्चनच्या जी१२टी-७५ या नावातील ७५ म्हणजे वॅट आणि जी१२एच-३० मधील ३० म्हणजेही वॅटच. मात्र १९८६ साली आलेल्या व्हिंटेज ३० या स्पीकरची क्षमता ६० वॅट आहे. ‘ग्रीनबॅक’ हे नाव जी१२एम या स्पीकरच्या चुंबकावरील हिरव्या प्लॅस्टिक झाकणावरून पडले. पण त्याच स्पीकरवर निरनिराळ्या काळी काळी व फिकट पिवळसर झाकणेही आली. शिवाय झाकण काढून दुसरे लावता येते. त्यामुळे रंग हा ओळखीचा पुरावा ठरत नाही.

स्पीकरांची ओळख

मागची फळी काढल्यावर प्रथम चारही स्पीकर एकाच प्रकारचे आहेत का ते पाहतात. दोन प्रकार तिरक्या जोड्यांनी बसवण्याची पद्धत अनेक वादक हेतुपुरस्सर वापरतात, त्यामुळे मिश्र संच म्हणजे दोष असे नव्हे. मात्र तीन सारखे आणि एक वेगळा असेल, तर तो एक कधीतरी जळून बदलला गेला हे उघड आहे.

सेलेस्चनच्या जुन्या स्पीकरांवर ‘टी’ अक्षराने सुरू होणारा क्रमांक असतो. उदाहरणार्थ, टी१२२१ हा जी१२एम या प्रकारातला आहे. जी१२एम आणि जी१२एच हे दोन्ही प्रकार सुमारे ७५ हर्ट्झ आणि सुमारे ५५ हर्ट्झ अशा दोन अनुनाद-वारंवारतांच्या शंकूंसह बनत असत आणि त्यांच्या आवाजात स्पष्ट फरक आहे. म्हणून केवळ ‘ग्रीनबॅक’ एवढी माहिती अपुरी असते. चौकटीवर उमटवलेल्या संकेतात दिवसाचा अंक आणि महिना व वर्ष यांची अक्षरे असतात. महिन्यांसाठी ‘ए’पासून ‘एम’पर्यंतची अक्षरे वापरली गेली असून आकड्याशी गोंधळ होऊ नये म्हणून ‘आय’ हे अक्षर वगळलेले आहे. वर्षांची अक्षरमाला १९६८ साली ‘ए’पासून सुरू होते. पुढे तीच अक्षरे पुन्हा आल्याने केवळ अक्षरावरून वर्ष ठरवता येत नाही. लेबल, टी-क्रमांक आणि चुंबकाची जात यांचाही मेळ बसावा लागतो.

अमेरिकी स्पीकरांवर उत्पादकाचा सांकेतिक क्रमांक असतो. त्यात २२० म्हणजे जेन्सन, ४६५ म्हणजे ऑक्सफर्ड, १३७ म्हणजे सीटीएस आणि ६७ म्हणजे एमिनन्स. त्यापुढे वर्षाचा एक किंवा दोन अंकी आकडा आणि शेवटी आठवड्याचा क्रमांक येतो. २२०६३४ असा क्रमांक असल्यास तो जेन्सनचा, सहाने संपणाऱ्या वर्षातील चौतिसाव्या आठवड्याचा स्पीकर होय. ते वर्ष १९५६ की १९६६ हे इतर खुणांवरून ठरवावे लागते. चारही स्पीकरांचे संकेत एकमेकांपासून काही आठवड्यांच्या आत असतील, तर ते कारखान्यातूनच एकत्र बसवले गेले असण्याची शक्यता मोठी असते.

यानंतरचा प्रश्न शंकूचा असतो. जळलेल्या स्पीकरची चौकट आणि चुंबक तसेच ठेवून नवा कागदी शंकू व नवी तारेची गुंडाळी बसवता येते. असा स्पीकर व्यवस्थित वाजतो; परंतु त्याचा आवाज मूळ शंकूसारखा असेलच असे नाही आणि संग्राहकांच्या दृष्टीने त्याचे मोल बरेच कमी होते. शंकूच्या कडेला ताज्या गोंदाचे ओघळ, मधल्या टोपीचा वेगळा रंग, जोडतारांच्या नव्या डाखा आणि जुन्या चौकटीवर अगदी स्वच्छ कागद ही त्याची चिन्हे होत. शंकूला लहान चीर असल्यास ती पातळ कागद व गोंदाने सांधता येते. अशी जुनी, नीट केलेली दुरुस्ती फारशी चिंताजनक नसते. गुंडाळी घासणे हा दोष मात्र साध्या दुरुस्तीने जात नाही.

जुने स्पीकर ‘मुरलेले’ असल्याने अधिक किमतीचे, असा दावा बहुतेक जाहिरातींत असतो. वापराने शंकूची कडा मऊ होते आणि आवाजातील सुरुवातीचा कडकपणा कमी होतो, हे खरे आहे. पण त्याच वापरात गुंडाळी तापते आणि तिचा गोंदही सैल होऊ शकतो. ‘मुरलेला’ आणि ‘थकलेला’ हे दोन शब्द एकाच स्पीकरला, कोण बोलतो त्यानुसार, लावले जातात.

संरोध व जोडणी

खरेदीतील सर्वांत महागडी चूक संरोधाबाबत, म्हणजेच इंपीडन्सबाबत होते. गिटार स्पीकर सामान्यतः ४, ८ किंवा १६ ओहमचे असतात. दोन स्पीकर समांतर जोडल्यास संरोध निम्मा आणि एकसर जोडल्यास दुप्पट होतो. चार सारखे स्पीकर एकसर-समांतर पद्धतीने जोडल्यास एकूण संरोध एका स्पीकरइतकाच राहतो. १६ ओहमचे चार स्पीकर १६ ओहमचेच कॅबिनेट बनवतात.

निर्वात नलिकांच्या, म्हणजे ट्यूब ॲम्प्लिफायरचा निर्गम रोहित्र ठरावीक भारासाठी बनवलेला असतो. भार न जोडता, किंवा फार वेगळ्या संरोधाचे कॅबिनेट जोडून, असा ॲम्प्लिफायर मोठ्याने वाजवला तर नलिका आणि रोहित्र दोन्हींना इजा होऊ शकते. काही ॲम्प्लिफायर दुपटीपर्यंतची तफावत सहन करतात, पण उत्पादकाच्या पुस्तिकेत तसे नमूद नसल्यास तो धोका पत्करू नये. ट्रान्झिस्टरच्या ॲम्प्लिफायरला अधिक संरोधाचे कॅबिनेट चालते, फक्त आवाज कमी होतो. ठरवून दिलेल्या किमान संरोधापेक्षा कमी मात्र चालत नाही. पेटीमागील पट्टीवर छापलेला आकडा मूळ जोडणीचा असतो. मधल्या काळात कोणी स्पीकर बदलले असतील, तर तो आकडा खोटा ठरतो.

पडताळणीसाठी साधा मल्टिमीटर पुरतो. मल्टिमीटर एकदिश रोध मोजतो आणि तो नाममात्र संरोधापेक्षा कमी असतो. १६ ओहमच्या स्पीकरसाठी सुमारे १२ ते १३, ८ ओहमसाठी सुमारे ६ ते ७ आणि ४ ओहमसाठी सुमारे ३ ते ३.५ ओहम वाचन मिळते. तारेच्या टोकाशी मोजलेल्या आकड्यावरून पेटी न उघडताही पुष्कळ कळते. समजा, १६ ओहमच्या ४×१२ कॅबिनेटमध्ये प्रत्येक स्पीकरचा रोध १३ ओहम आहे. सर्व ठीक असल्यास वाचन १३ येईल. एकसर जोड्या समांतर जोडलेल्या असतील आणि एक स्पीकर तुटलेला असेल, तर त्याची संपूर्ण जोडी बंद पडून वाचन २६ येते. समांतर जोड्या एकसर जोडलेल्या असतील, तर तेच वाचन १९.५च्या आसपास येते. कॅबिनेट दोन्ही परिस्थितींत वाजत राहते आणि नवख्या कानाला दोष कळत नाही.

मार्शल १९६०ए सारख्या काही कॅबिनेटांवर ४ ओहम, १६ ओहम आणि दोन स्वतंत्र ८ ओहम भाग अशी निवड करता येते. या सोयीसाठी लागणारी कळ आणि खाचा हेच जुन्या पेटीतले सर्वाधिक बिघडणारे विद्युत भाग असतात. प्रत्येक स्थितीत वेगळे वाचन घ्यावे आणि वाचन घेताना जोडणीतार हलवून पाहावी. आकडा उड्या मारत असेल तर खाच सैल आहे. हा दोष दुरुस्तीला स्वस्त आहे, पण ट्यूब ॲम्प्लिफायर जोडलेला असताना तोच महागात पडतो.

स्पीकरांची दिशाही पाहावी. जोडणीतारेच्या टोकाला ९ व्होल्टची लहान बॅटरी क्षणभर टेकवली की सर्व शंकू एकाच दिशेने हलले पाहिजेत. एक उलटा हलत असेल, तर त्याच्या तारा उलट्या जोडलेल्या आहेत आणि खर्जाचा आवाज पातळ येतो. जेबीएलच्या जुन्या स्पीकरांत धन-ऋण खुणांचा संकेतच इतरांच्या उलट आहे. ते मिश्र संचात असतील तर केवळ खुणा पाहून जोडणी करू नये.

शक्तीचा हिशेबही येथेच करायचा. सारख्या स्पीकरांची क्षमता एकमेकांत मिळवता येते: २५ वॅटचे चार म्हणजे १०० वॅट, ७५ वॅटचे चार म्हणजे ३०० वॅट. वेगवेगळ्या क्षमतेचे चार स्पीकर असल्यास सर्वांत कमी क्षमतेची चौपट धरतात. ट्यूब ॲम्प्लिफायर पूर्ण विकृतीसह वाजताना आपल्या नाममात्र शक्तीपेक्षा अधिक शक्ती देतो. म्हणून १०० वॅटचे हेड आणि जुन्या ग्रीनबॅकांचे एकच कॅबिनेट ही जोडी कागदावर जुळली तरी व्यवहारात काठावरची असते.

पेटी

चांगल्या कॅबिनेटांची पेटी बर्च लाकडाच्या अनेक थरांच्या प्लायवूडची असते. ऑरेंज कंपनीच्या पीपीसी मालिकेत ते १८ मिलिमीटर जाडीचे आहे. स्वस्त मालिकांत भुशाच्या दाबीव फळ्या किंवा एमडीएफ वापरतात. नवी असताना त्यांचा आवाज वाईट नसतो. मात्र पाणी लागल्यावर त्या फुगतात, स्क्रू धरत नाहीत आणि कोपरे ढासळतात. बाहेरचे कृत्रिम चामडे सर्व झाकत असल्याने लाकडाची जात कळण्यासाठी स्पीकर किंवा खाचपट्टी काढून फळीची कापलेली कड पाहावी लागते. प्लायवूडमध्ये थर स्पष्ट दिसतात.

बंद पेटीचा खर्ज घट्ट व आवाज पुढे रोखलेला असतो, तर मागून उघडी पेटी खोलीभर आवाज पसरवते आणि तिचा खर्ज सैल लागतो. मागची फळी काढून बंद पेटी ‘उघडी’ करता येते, पण फळी हरवलेली बंद पेटी ही उघडी पेटी म्हणून विकली जात असल्यास तशी नोंद किमतीत व्हायला हवी.

मुंबई, कोकण आणि गोवा येथील दमट, खारट हवेत आणखी काही गोष्टी पाहाव्या लागतात: शंकूवरील बुरशीचे डाग, गंजलेले स्क्रू व जोडणीची टोके आणि पेटीच्या तळाला आलेला फुगवटा. चुंबकाच्या फटीत गंजाचे कण शिरले की गुंडाळी घासू लागते. पावसाळ्यात जमिनीवर ठेवलेल्या पेटीचा तळ सर्वांत आधी खराब होतो, म्हणून ती आडवी करून तळ पाहिल्याशिवाय सौदा पुरा करू नये.

प्रत्यक्ष चाचणी

दोन्ही हातांची बोटे शंकूवर सारख्या अंतरावर ठेवून तो अगदी हलका आत दाबावा. खरखर ऐकू आल्यास गुंडाळी घासत आहे. मात्र तिरका दाब दिल्यास चांगला स्पीकरही घासतो, एवढे ध्यानात ठेवावे. त्यानंतर विकृतीविरहित आवाजावर गिटारच्या सर्वांत जाड तारेपासून एकेक स्वर सावकाश चढत वाजवावा. या तारेची मुक्त वारंवारता सुमारे ८२ हर्ट्झ असते. एखाद्याच स्वरावर फरफर येत असेल, तर ती स्पीकरची आहे की मूठ, जाळी, मागची फळी किंवा सैल स्क्रूची, हे त्या भागावर हात दाबून ठरवता येते. निम्म्याहून अधिक वेळा दोष एखाद्या स्क्रूचा निघतो, आणि तो स्वतः आवळण्याआधी सौदा करणारेही असतात. विकृत आवाजावर चाचणी सुरू केली, तर यांतील बहुतेक दोष झाकले जातात.

कॅबिनेटवर बेस गिटार वाजवली गेली होती का, हे विक्रेत्याला विचारावे. बेसची सर्वांत जाड तार सुमारे ४१ हर्ट्झची असते. त्या वारंवारतेला गिटार स्पीकरचा शंकू त्याच्या मर्यादेबाहेर हलतो.

ध्वनीची तुलना

दोन कॅबिनेटांची तुलना करताना मोठा आवाज चांगला वाटतो, हा कानाचा स्वभाव आड येतो. स्पीकरची संवेदनशीलता एका वॅटला एक मीटर अंतरावरील डेसिबलमध्ये देतात. व्हिंटेज ३० साठी ती १०० आणि जी१२टी-७५ साठी ९७ आहे. तीन डेसिबलचा हा फरक ॲम्प्लिफायरची शक्ती दुप्पट करण्याएवढा आहे. त्यामुळे एकाच ॲम्प्लिफायरवर, एकाच मांडणीत, पण आवाजाची पातळी सारखी करून ऐकल्याशिवाय तुलनेला अर्थ नसतो. तशी केल्यास व्हिंटेज ३० मध्ये मध्यम-उच्च स्वर पुढे आलेले आणि जी१२टी-७५ मध्ये मध्यम स्वर मागे, तर खर्ज व तार पुढे असे साधारण चित्र दिसते.

ऐकण्याची जागाही निर्णायक असते. बारा इंची स्पीकर उच्च स्वर अरुंद झोतात फेकतो. पेटीच्या वर उभा राहणारा वादक तो झोत ऐकत नाही आणि समोर बसणाऱ्याला तोच बोचतो. दोन्ही कॅबिनेटे सारख्या उंचीवर, भिंतीपासून सारख्या अंतरावर ठेवून कानाच्या पातळीवर ऐकावीत. ध्वनिमुद्रित नमुन्यांवरून केलेली तुलना आणखी कच्ची असते, कारण ध्वनिग्राहक शंकूच्या मध्यापासून कडेकडे थोडा सरकवला तरी होणारा फरक दोन वेगळ्या स्पीकरांमधील फरकाएवढा असू शकतो. ग्राहकाने स्वतःचा ॲम्प्लिफायर सोबत नेणे हेच उत्तम.

किंमत व वाहतूक

किमतीचा अंदाज घेण्याची व्यवहारी रीत म्हणजे स्पीकरांची सुटी किंमत आणि रिकाम्या पेटीची किंमत वेगळी काढणे. जुन्या, मूळ शंकूच्या स्पीकरांची सुट्या विक्रीतील बेरीज बहुधा संपूर्ण कॅबिनेटपेक्षा अधिक भरते. त्यामुळेच अनेक जुनी कॅबिनेटे रिकामी करून त्यांत नवे स्पीकर भरून विकली जातात. यात गैर काही नाही, फक्त विक्रेत्याने तसे सांगायला हवे.

घरगुती वादन आणि स्पीकरशिवाय ध्वनिमुद्रण करण्याची साधने रूढ झाल्यापासून ४×१२ पेट्यांची मागणी उतरली असून १×१२ व २×१२ यांची वाढली आहे. वजन हेही त्याचे कारण आहे. मार्शल १९६०ए सुमारे ३६ किलोग्रॅमचे आहे. दूरवरून मागवल्यास वाहतुकीचा खर्च पेटीच्या किमतीशी स्पर्धा करतो, म्हणून ४×१२चे व्यवहार बहुधा एकाच शहरात होतात. नेताना पेटी आपटल्यास जड चुंबकामुळे स्पीकरची पत्र्याची चौकट वाकते आणि गुंडाळी मध्यापासून सरकते. पोहोचल्यावर मल्टिमीटरचे वाचन आणि शंकू दाबून पाहण्याची चाचणी, या दोन्ही गोष्टी ॲम्प्लिफायर जोडण्यापूर्वी पुन्हा कराव्यात.